सोमीचे मुसके

कर्जत, मार्गशीर्ष वद्य तृतीया

भातगिरणीतल्या मजुरांच्या छातीत कोंडा जाऊ नये म्हणून मी महिनाभर खपून चौपदरी मलमलीची मुखपट्टी सिद्ध केली. आणि आज तिथे पाखडणाऱ्या सोमी ठाकरणीने बांबूच्या कामट्यांचे लहानसे मुसके विणून तोंडावर बांधले होते. वरून पातळ फडके ताणलेले.

हमाल हसले. “बैल झालीस काय गं?”

“बैल दम तरी घेतो रं! दागतरांचं फडकं घामानं तोंडाला चिकटतंय.”

अक्षरशत्रू बाईने माझा दोष एका वाक्यात सांगावा! मी पट्टी खुर्चीत बसून तपासली होती, सूप चालवून नव्हे. मला हे का सुचू नये? मालकांसमोर ते मुसके मी ‘शास्त्रीय तपासणीसाठी’ मागून घेतले.

घरी ते बांधून चारदा जिना चढलो. श्वास अडला नाही, फडके ओठांना शिवले नाही. विणीत खोट शोधण्यात तासभर गेला, सापडली नाही. हे निदान इथे तरी लिहिले पाहिजे.

संध्याकाळी गिरणीवरून गेलो. मुसके माझ्या मेजावर होते, आणि सोमी दातांत पदर धरून, खोकत, पाखडत होती.