माईने दुसऱ्यांदा लिहिलेली कादंबरी

प्रिय माई,

काल दुपारी माझ्या कादंबरीचा पहिला खर्डा संपला. साठी उलटल्यावर! शेवटच्या ओळीखाली रेघ ओढली, तुला सांगायला तोंड उघडलं आणि आठवलं, तू नाहीस. सगळं आधी मोठ्या बहिणीला सांगायची सवय अजून जात नाही गं. म्हणून हे पत्र.

सगळं तुझ्यासारखंच केलं बघ. पाठकोऱ्या कागदांवर पेन्सिलीनं लिहायचं. हलवायचा परिच्छेद कात्रीनं कापून, हवा तिथे खळीनं चिकटवायचा. आणि उठताना वाक्य अर्धवट सोडायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदाची भीती वाटत नाही.

लग्न झालं तरी नारायणगुड्याच्या शाळेतून शिकवून यायचीस, की आपल्या नल्लकुंट्याच्या घरी पदर खोचून लिहायला बसायचीस. आई ओरडायची, "अगं, माझ्या परातीत खळ कालवलीस?"

सुट्टीच्या दिवशी अंगणात वाचन. ऐकायला आई, मी आणि शेजारच्या रझियाआपा. आपांना मराठी वाचता येत नसे, पण समजायचं सगळं. कुणी जांभई दिली की तू समासात फुली मारायचीस. माझ्या जांभयांनी तुझं अख्खं एक प्रकरण गेलं होतं, आठवतं?

मग भाषांवरून राज्याची वाटणी झाली. भाऊजींची नेमणूक औरंगाबादला झाली आणि तुमचं बिऱ्हाड निघालं. सिकंदराबाद स्टेशनवर मी म्हटलं, "माई, कादंबरीचे कागद हातात ठेव." तू म्हणालीस, "ट्रंकेत नीट राहतील."

ती ट्रंक औरंगाबादला पोचलीच नाही. एक तरी नक्कल करून ठेवायची होतीस ना! किती मागे लागले होते मी!

दिवाळीला माहेरी आलीस, ती पार मिटून गेलेली. "संपलं ते," म्हणालीस. आईनं विषय काढला तर उठून गेलीस. मला वाटलं, आता ही कधीच लिहिणार नाही.

मग रझियाआपा फराळाला आल्या. कागद गेल्याचं कळल्यावर म्हणाल्या, "गया कैसा? मेरेकू याद है. उनो बुड्ढी बावली पे बोली ना बेटेकू, तुम जाओ, मैं नक्को आती."

"तसं नाही आपा, माझी म्हातारी विहिरीवर मुलाला असं नाही म्हणत," तू पटकन म्हणालीस.

"फिर कैसा बोली?"

तू सांगू लागलीस. आतून आईचा आवाज आला, "आणि सून दाराआड रडत होती, ते राहिलं!" तू हसलीस. कितीतरी दिवसांनी! मी हळूच कागद आणि पेन्सिल तुझ्यापुढे सरकवली.

भाऊजींनी कळवलं, "पुरं करूनच ये." किती चांगला माणूस! हिवाळाभर तू राहिलीस, लिहीत गेलीस. विसरलेलं आम्ही तिघी आठवून देत होतो, भांडतही होतो. पण या खेपेला तू त्या म्हातारीला गाव सोडायला लावलंस. आपा रुसल्या. मी कारण विचारलं, तर म्हणालीस, "तेव्हा मी गाव सोडलं नव्हतं. आता सोडून पाहिलंय."

पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत तू आपांच्या हातात दिलीस. त्यांनी ती डोळ्यांना लावली.

माई, आमचे हे गेल्यावर माझं लिखाण मध्येच थांबलं होतं. वर्षभर कागदांकडे बघवत नव्हतं. पण गेलेलं पुन्हा उभं करताना मी तुला जवळून पाहिलं होतं. त्या बळावर बसले. तुझे उपकार कसे सांगू?

माझी नात मराठी छान बोलते, वाचताना मात्र अडते. काल म्हणाली, "आजी, तू लिहिलंस ते मला कधी वाचता येणार?" रविवारपासून तिला एकेक प्रकरण वाचून दाखवणार आहे, आणि सोबत वाचायलाही शिकवणार आहे. शेवटचं प्रकरण मात्र तिनं मला वाचून दाखवायचं. ती अडखळेल, थांबेल. मीही थांबेन. पण अडलेला शब्द तिच्याआधी मी उच्चारणार नाही; तुझं तुला सापडलं, तसं तिचं तिला सापडू दे. हे वचन तुला.

तुझी धाकटी,
शकू