सरळ रस्ता सोडून जाणारं विमान

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच, कंबर धरली आहे). गुडघा कसा आहे? इकडे अण्णांचा रक्तदाब उत्तम. माझा विचारू नकोस.

तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आधी आम्ही दोघांनी तुझ्याकडे यावं, हे मला पूर्ण पटतं. अडचण अण्णांची आहे. तिकीट काढून देणाऱ्या बाईंनी विमानाचा मार्ग छापून दिला, तो घेऊन अण्णा भिंतीवरच्या नकाशासमोर उभे राहिले आणि आपल्या गावापासून तुझ्या गावापर्यंत दोरा ताणला. विमान दोरा सोडून पार वर, बर्फाच्या बाजूनं वळसा घालून जातं! जन्मभर बस चालवलेला माणूस तो. "सरळ रस्ता सोडून हा ड्रायव्हर कुठं भटकतोय? तिकडं सासुरवाडी आहे का त्याची?" असं मलाच विचारलं, जणू त्याची ड्युटी मी लावली होती.

शेवटी शेजारच्या भूगोलाच्या बाईंकडून पृथ्वीचा गोल आणला. गोलावर तोच दोरा ताणला, तर तो आपोआप बर्फाच्या बाजूनं गेला. म्हणजे वळसा हाच जवळचा रस्ता. (मी दोरा सैल तर धरला नव्हता ना, म्हणून नंतर एकट्यानं पुन्हा ताणून पाहिला.)

पण अंतर साडेबारा हजार किलोमीटर. जाताना पंधरा तास, येताना वाऱ्यामुळे दीड तास कमी. रस्ता तोच असून वाऱ्यावर एवढं अवलंबून, हे काही बरं नाही. शिवाय खाली तासन्‌तास बर्फ नाहीतर पाणी. काही बिघडलं तर गाडी कडेला घ्यायची कुठं? आणि एवढा वेळ बसणं झेपेल का? ते पाहायला मी कपाटासमोर गुडघे टेकतील अशी खुर्ची लावून बसलो. पाचव्या तासाला कंबर गेली. (तेवढ्यात अण्णा बाजारात जाऊन, भाजी आणून, एक डुलकी काढून मोकळे झाले होते.) त्यांच्या वयात या काळज्या असणारच. तेव्हा आग्रह करू नये, असं वाटतं.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. खोटं असं काही लिहिलेलं नाही, पण खरंही पुरतं लिहिलेलं नाही. गोल पाहिल्यावर अण्णा "मग ड्रायव्हर बरोबर आहे" एवढंच म्हणाले आणि बूट पॉलिश करायला बसले. वारा, पाणी आणि खुर्ची या काळज्या माझ्या. तू त्यांना फोन करून 'एकटेच या, घर लहान आहे' असं सांगशील का? माझं नाव काढू नकोस.

ता. क. दुसरा. पोरी, पत्र टाकायला माझ्याकडंच दिलं, पाकीट उघडं होतं. दोन तिकिटं काढतोय. नवे कंडक्टर पहिल्या घाटात असेच पांढरे पडायचे. चाकं उचलेपर्यंत याचा हात धरून ठेवतो. पुढं उतरणार कुठं?
— अण्णा