ही ती रेकॉर्ड नव्हे

तात्या, तुमची ती इंग्रजी रेकॉर्ड तुम्ही कुणाला देऊन टाकली होती, ते मला या वर्षी कळलं. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटलाय की तुमचा आवाज आठवायला मला जरा थांबावं लागतं. पण त्या रेकॉर्डचा आवाज मात्र मला पक्का आठवतो, असं मी धरून चालले होते. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

लासुर्ण्याजवळच्या साखर कारखान्याच्या कॉलनीतल्या आपल्या दोन खोल्या. कारखान्यातले एक इंजिनियर साहेब बदली होऊन गेले, तेव्हा त्यांनी प्लेअर आणि इंग्रजी गाण्यांच्या काही रेकॉर्डी तुमच्या हवाली केल्या. शेळगावची आपली माणसं आली की हसायची. "कळतं का तुला त्यातलं काय?" तुम्ही म्हणायचा, "गिटारीला कुठं भाषा असती?" त्यातली एक तुमची खास. कव्हरवर माळरानात टेबल मांडून जेवायला बसलेली चार केसाळ माणसं. रविवारी विहारातून वंदना करून आलात की तुम्ही ती लावता, आई स्टोव्हवर कालवण करतेय, आणि मी भाकरी खाताखाता उठून त्या काळ्या तबकडीला हात लावते. "हात धुऊन ये आधी! तेल लागलं का आवाज बसतो तिचा." तुम्ही एवढ्यांदा ओरडलात की आईची पळी हवेतच राहिली. मग मी दहावी झाले, त्या दिवशी तुम्ही प्लेअरची सुई माझ्या बोटांत दिलीत. "ठेव. हळू." एवढंच बक्षीस, पण तुम्ही कुणालाच ते देत नव्हता. सुई बोटांतून घसरली, दुसऱ्या बाजूच्या पहिल्याच गाण्यावर ओरखडा उठला. तुम्ही सुई उचलून पुन्हा ठेवलीत. तेव्हापासून त्या गाण्यात टक, टक असं वाजत राहिलं.

लग्न होऊन बारामतीला आल्यावर मी एकदा ती रेकॉर्ड थोडे दिवस मागून आणली होती. परत दिली तेव्हा तुम्ही ती खिडकीच्या उजेडात धरून फिरवून फिरवून पाहत होता. मला वाटलं, धूळ बघताय.

आता तीच गाणी मोबाईलवर मिळतात, पण एक नाही, तीन प्रकारांत. जुन्या टेपेवरून आवाज पुन्हा नीटनेटका करून कंपन्या नवी आवृत्ती काढतात, तिला रीमास्टर म्हणतात. पहिलं सीडीच्या काळातलं, त्यात सगळंच मोठं, मांडवातल्या स्पीकरसारखं; हळू वाजायला हवं तेही अंगावर येतं. दुसरं सौम्य आहे, पण त्यात गाणारा श्वास घेतो तो आवाजच पुसून टाकलाय. तिसऱ्यात श्वास आहे, तर गिटार डाव्या कानातून उजव्या कानात गेलीय. आणि प्रत्येकावर लिहिलंय, मूळ आवाजाच्या सगळ्यात जवळचं. माझा जन्म शाळेत पेपर तपासण्यात गेला, तात्या. तीन मुलांनी तीन वेगळी उत्तरं लिहून तिघांनीही पुस्तकातलंच आहे म्हटलं, तर मी पुस्तक उघडते. म्हणून पुण्याहून एक जुना प्लेअर आणला आणि आपल्या धाकट्याला फोन केला. आई गेल्यापासून घरचं सगळं सामान इंदापूरला त्याच्याकडे आहे.

"माळ्यावर हाय ताई, बघतो," तो म्हणाला. मग पुन्हा फोन केला तरी "बघतो." असं बरेच दिवस चाललं आणि मला ते खटकायला लागलं. शेवटी तो स्वतःच ती घेऊन आला. कव्हर तेच, कोपऱ्यावर चहाचा डागही तोच. तो गेल्यावर मी दुसरी बाजू लावली. पहिलं गाणं स्वच्छ वाजलं. टक नाही की काही नाही. पुन्हा लावली. ओरखडा काही आपोआप भरून येत नाही.

जुन्या परदेशी रेकॉर्डींना हल्ली गिऱ्हाईक असतं, हे मला ठाऊक होतं. धाकट्याने नुकताच घरावर मजला चढवला होता. मी रात्रभर एकाला एक जोडत राहिले आणि सकाळी एसटीने इंदापूर गाठलं. तो खताच्या दुकानात गल्ल्यावर बसला होता.

"जुनी कुठाय?"

"कंची जुनी?"

"मला शिकवू नकोस. ही नवी आहे. जुनी कुणाला विकलीस?"

त्याचा चेहरा उतरला. "विकली न्हाय ताई. माळ्यावरनं काढली तर कव्हर रिकामंच हुतं. तू किती आशेनं मागितलीस, म्हणून नवी मागवून त्यात घातली. वाटलं, तुला काय कळतंय."

"म्हणजे फसवायचंच होतं."

"रिकामं कव्हर देऊ का हातात?"

त्याच्या बायकोने घरातून चहा आणून ठेवला होता. मी त्याला हात लावला नाही. त्याने उठून शटर ओढलं. "चल, आबाकडं जाऊ. तात्यांचं सगळं आबाला ठावं असायचं."

कारखान्यात तुमच्या शेजारी ऊस पिळायच्या मिलवर उभे राहणारे, दर रविवारी आपल्याकडे गाणी ऐकायला येणारे आबा अजून आहेत, तात्या. लासुर्ण्यात पोरापाशी राहतात. कानाजवळ ओरडून विचारावं लागलं.

"हाय की! माझ्याकडंच हाय!" त्यांनी ट्रंकेतून धोतरात गुंडाळलेली तबकडी काढली. "दवाखान्यात जायच्या आधी दिली मला तुझ्या बापानं. म्हणला, ही ती रेकॉर्ड न्हाय. ह्यातल्या ड्रमच्या झांजा गेल्यात, कुणीतरी बदललीय. म्या म्हणलं, रेकॉर्ड न्हाय बदलली लेका, कान गेलं आपलं. मिलच्या दणक्यात जलम काढलाय. तर माझ्यावरच भडकला."

"कुणी बदलली म्हणाले?" मी विचारलं.

आबांनी धाकट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता गेलेल्या माणसाचं कशाला... पोरीनं बारामतीला नेली हुती, तितंच बदलली, म्हणला. माझ्या डोळ्यासमोर नको, तू ने. पर पोरीला बोलू नको, ती रडंल."

तात्या, टक टक तर तुम्हाला ऐकू येत असणार. माझ्याच हातचा ओरखडा होता तो. दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डवर तो कसा उठेल, एवढं तुमच्या ध्यानात येऊ नये? खिडकीत तुम्ही धूळ शोधत नव्हता, माझी लबाडी शोधत होता. त्यानंतरही तुम्ही माझ्या हातचं जेवलात, माझ्या पोरांना खेळवलंत, आणि मनात हे ठेवलंत. त्या दिवशी मला तुमचा इतका राग आला की तुम्ही असता तर भांडले असते. मग मोटारसायकलवर धाकट्याच्या मागे बसल्यावर आठवलं, सकाळी त्याचा उतरलेला चेहरा मला समोर दिसत होता, आणि तरी मी चहा घेतला नव्हता. "चुकलं माझं," मी म्हणाले. वाऱ्यात त्याला कळलं नाही. "काय?" "हळू चालव म्हणते."

आठवड्याने तो बारामतीला आला. आम्ही दोघांनी तुमची रेकॉर्ड लावली. टक, टक. तो लहानपणीसारखा मांडी घालून जमिनीवर बसला होता. शेवटचं गाणं आलं तेव्हा त्याने डोळे मिटले आणि एक बोट हवेत नाचवायला लागला. "झांजा ऐक ताई. त्या नवीत अशा न्हाईत. आबाच खरं बोलला, रेकॉर्डीला काय झालेलं न्हाय." मी गिटार ऐकत होते, ढोल ऐकत होते. "व्हय, लय भारी हायत," मी म्हणाले.

तुम्हाला हे पाठवायला पत्ता नाही, ते ठीकच आहे. धाकट्याला तरी वाचायला द्यावं असं काल मनात आलं होतं, कारण वाऱ्यात म्हटलेलं त्याच्यापर्यंत पोचायला हवं. पण ते मी तोंडानेच सांगेन. हे कागद देणार नाही. त्याचं बोट नाचत होतं तिथे मला काहीच वाजताना ऐकू आलं नाही, तात्या, आणि पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते हेच, की आबांनी रेकॉर्ड बदलली असेल.