ह्यांची शीतनिद्रा

३ नोव्हेंबर

लग्नाआधीची एक दुपार आज सकाळपासून मनात घोळते आहे. प्राणिसंग्रहालयात अस्वलाच्या पिंजऱ्यासमोरचा बाक. अस्वल झोपलेलं. हे म्हणाले, उठेल आता, थांबू या. दहाला बसलो ते चारपर्यंत. अस्वलाने एकदा कूस बदलली, तेवढंच. दोघांत एक शेंगदाण्यांची पुडी, एक छत्री, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. रखवालदार तीनदा येऊन बघून गेला — अस्वलाला नव्हे, आम्हाला. मला वाटलं, झोपलेल्यासाठी जो माणूस सहा तास बसू शकतो त्याच्याशी लग्न करायला हरकत नाही.

छत्तीस वर्षं झाली त्याला. आज नाश्त्याच्या वेळी ह्यांनी जाहीर केलं की यंदा हिवाळाभर ते झोपणार आहेत. पंधरा नोव्हेंबर ते पंधरा फेब्रुवारी.

मी विचारलं, "आणि मी?"

"तू नोंदी ठेव."

५ नोव्हेंबर

थट्टा नव्हती. खोली ठरली — मागची, उत्तरेकडची, कायम गार असणारी. हीटर बाहेर काढला. खिडकीला काळं कापड मीच शिवून दिलं. नाही कशी म्हणू?

जूनमध्ये ह्यांचं कॉलेज संपलं. चौतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. तेव्हापासून हे सकाळी आठला दाढी करून, बूट घालून बसतात आणि मग त्यांच्या लक्षात येतं की जायचं कुठेच नाही. पुस्तक आहे — प्राणी का झोपतात, ह्या विषयावरचं. बावीस वर्षं चौथ्या प्रकरणावर अडलेलं. चौथं प्रकरण ऋतूंप्रमाणे झोपणाऱ्यांचं. ह्यांचं म्हणणं, ते बाहेर बसून लिहिताच येणार नाही, आत जाऊन बघायला हवं.

भीती एकच आहे, ती इथेच लिहिते. अंथरुणात शिरलेला हा माणूस फेब्रुवारीत उठलाच नाही तर? मरून नव्हे — नुसतं उठावंसं वाटलं नाही तर?

८ नोव्हेंबर

खाणं चालू आहे. अस्वल थंडीआधी चरबी साठवतं म्हणून रोज सहा अंडी, पावावर बोटभर लोणी, वर जॅम. साडेतीन किलो वाढले. पँट्स उसवून सैल केल्या.

शिवणाच्या टेपने डोकंही मोजून घेतलं. चिचुंद्रीची कवटी म्हणे हिवाळ्यात लहान होते, आतला मेंदूसुद्धा. अन्न कमी, मग एवढा मोठा मेंदू पोसायचा कशाला? वसंतात पुन्हा वाढतो. ह्यांचं डोकं साडेसत्तावन्न सेंटिमीटर. "दर पंधरवड्याला मोज," म्हणाले. मी म्हटलं, चिचुंद्री निवृत्त झाल्यावर काय करते तेही लिहिलंय का कुठे? हसले नाहीत.

११ नोव्हेंबर

लेकीचा फोन. तिच्या मते बाबांना डॉक्टरांकडे न्यावं. मी म्हटलं, अगं आजारी नाहीत, शीतनिद्रा घेणार आहेत. मग म्हणाली, "आई, तू हे वाक्य अगदी साधं असल्यासारखं बोललीस."

१३ नोव्हेंबर

खाली दंतवैद्यांना भेटून आले. आमच्या मागच्या खोलीखाली त्यांची उपचारांची खुर्ची येते, आणि ते यंत्र सुरू झालं की आमच्या फरशीला मुंग्या येतात. तीन महिने जरा हळू चालवाल का, म्हणून विचारलं. कारण सांगावं लागलं. हातातला आरसा खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, यंत्र हळू चालवलं तर दात जोरात दुखतो. पण बघतो. साहेबांना म्हणावं, आत जायच्या आधी दात घासा. तीन महिने आहेत."

१५ नोव्हेंबर

सकाळी दहाला आत गेले. दाढी केलेली, टाय नाही. दारात हात पुढे केला. मीही मिळवला. नवऱ्याशी हस्तांदोलन!

दाराबाहेर खुर्ची, खुर्चीवर वही. रकाने आखून घेतलेत — वेळ, श्वास, तापमान, शेरा. अक्षर मात्र सुरेख आलंय. त्याबाबतीत कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातल्या सिस्टरने घेतलेली मेहनत वाया गेली नाही.

१६ नोव्हेंबर

श्वास चौदा. तापमान ३६.८. शेरा: काही नाही.

१९ नोव्हेंबर

लेकीने परस्पर डॉक्टर पाठवले. त्यांनी नाडी पाहिली, डोळे उघडून पाहिले. ह्यांनी डोळे उघडू दिले पण जागं व्हायला साफ नकार दिला. डॉक्टर बाहेर येऊन खुर्चीवर बसले. म्हणाले, प्रकृती माझ्यापेक्षा चांगली आहे. मग हळूच विचारलं, दुसरी खोली आहे का?

तापमान काही उतरत नाही. ह्यांनी बजावलं होतं की निदान अंशभर तरी खाली यायला हवं. जमिनीत झोपणारी खार जवळजवळ बर्फाइतकी गार पडते. उठल्यावर आकडे बघून किती हिरमुसतील! आज ३६.८ होतं, मी ३६.४ लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा वहीत खोटं लिहिलं, आणि अक्षर तितकंच सुरेख आलं.

२४ नोव्हेंबर

बुटांवरून लोकरी मोजे चढवून घरात चालते. भांड्यांचा आवाज नको म्हणून स्पंजाने हळूहळू घासते. सकाळी दहा ते बारा तेवढी बाहेर पडते — बाजार, ग्रंथालय. बाहेर आले की मुद्दाम पाय आपटत चालते.

रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. दर दोन तासांनी दाराशी जाऊन कान देते. आतून काहीच ऐकू येत नाही, आणि त्या काहीच नसण्याने झोपेचं पार खोबरं होतं.

२९ नोव्हेंबर

पहिलं जागेपण! खार दोन आठवड्यांनी एकदा अंग गरम करून उठते, म्हणून ह्यांचंही तसंच ठरलं होतं. मी सकाळी सातलाच तयार. निळा ड्रेस, लिपस्टिक, केक. दहाला दार उघडलं. केस उभे, गालावर उशीची सुरकुती. इतके छान दिसत होते.

चार तास बोललो. खारीचं गंमतशीर आहे. साठवलेली चरबी जाळून ती जागी होते ती खायला नव्हे, फिरायला नव्हे — झोपायला! गारठून पडणं म्हणजे झोप नव्हेच म्हणे. त्या गारठ्यात मेंदूची झोप साचत जाते, म्हणून ऊब आणून, रीतसर झोपून ती परत गारठते. "म्हणजे बघ, मेल्यासारखं पडून राहूनही झोपेची गरज भागत नाही," हे म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

दोन वाजता, नियमाप्रमाणे आता झोपायला हवं म्हणून आत गेले. केक अर्धा उरला. डोकं साडेसत्तावन्नच.

६ डिसेंबर

ह्यांच्या टिपणांची फाइल वाचते आहे. ह्यांना विचारता येत नाही तर निदान वाचू तरी. झोप हा किती घाट्याचा सौदा! झोपलेला प्राणी खात नाही, पिलं राखत नाही, शत्रू आला तर आयता सापडतो. इतकं असूनही कोट्यवधी वर्षांत निसर्गाने ती काढून टाकली नाही. मेंदू नसलेली जेलीफिशसुद्धा झोपते. समासात ह्यांच्या अक्षरात: "प्रश्न उलटा विचारावा का? जागं राहायची सुरुवात कशासाठी झाली?"

एका पानावर बदकं. रांगेत झोपतात. मधली दोन्ही डोळे मिटतात. टोकाचं बदक एक डोळा उघडा ठेवतं, बाहेरच्या बाजूचा, आणि अर्ध्याच मेंदूने झोपतं.

वसतिगृहात माझी खाट दाराशी होती. मी मॉनिटर. सगळ्या झोपल्या का हे बघून दिवा मालवायचा आणि मग निजायचं. दहाव्या वर्षापासून. पुढे लेकीचा पाळणा, सासूबाईंचं आजारपण, आणि आता ही खुर्ची. त्या पानावर बराच वेळ बोट ठेवून बसले.

१३ डिसेंबर

दुसरं जागेपण. चार तास वीस मिनिटं. डॉक्टरांची गोष्ट सांगितली तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांना सगळं ऐकायचं होतं — बाजारात काय मिळालं, ग्रंथालयातल्या बाई अजून रागावतात का. छत्तीस वर्षांत इतकं लक्ष देऊन माझ्याशी चार तास बोलल्याचं आठवत नाही. आता वाटतं, शीतनिद्रेला आपली ना नाही. पण दोन वाजत आले की मी घड्याळाकडे पाठ करून बसते.

डोकं सत्तावन्न! मी टेप जरा घट्ट ओढली असेन.

२७ डिसेंबर

तिसरं. तीन तास दहा मिनिटं. फार बोलले नाहीत. मी फेब्रुवारीतले बेत सांगत होते, तर म्हणाले, "अठ्ठावीस तारखेपर्यंत वाढवावं का, विचार करतोय."

मी बरं म्हटलं. नंतर मोरीत जाऊन नळ सोडून रडले. नळही हळूच सोडला.

४ जानेवारी

जिन्यात दंतवैद्यांनी अडवलं. तक्रार करायची म्हणाले. ते दीड महिना यंत्र दबकत चालवताहेत, पेशंट कुरकुरतात, पण शब्द दिलाय म्हणून पाळताहेत. आणि वर मात्र कवायत चालते!

कसली कवायत, मी विचारलं.

"वहिनी, तुम्ही सकाळी बाहेर पडलात की पाच मिनिटांत. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बारापर्यंत. माझी माणसं आ वासून छताकडेच बघत पडलेली असतात, त्यांना दुसरं कामच नसतं. एका आजोबांनी फेऱ्या मोजल्या. दोनशे बारा."

५ जानेवारी

दहाला कोट घातला, पिशवी घेतली, दार उघडून आपटलं आणि आतच राहिले. स्वयंपाकघरात स्टुलावर बसले. कोट अंगात, पिशवी मांडीवर, लपाछपी खेळल्यासारखी. ह्या वयात!

पाच मिनिटांत पावलं सुरू झाली. मग दार वाजलं, आणि हे खांद्यावर ब्लँकेट घेऊन आत आले. पायांत मोजे, मोज्यांवर आणखी मोजे. हातात लोण्याची सुरी — माझ्यामागे पाव-लोणीही चालू होतं तर.

"गेली नाहीस?"

"झोपला नाहीत?"

हे माझ्यासमोर बसले. सुरी टेबलावर नीट सरळ ठेवली. एकावन्न दिवस झाले, म्हणाले, आणि रात्रीची नेहमीची चार-पाच तासांची झोप सोडली तर एक मिनिट जास्तीचं नाही. पहिल्याच दुपारी कळलं होतं की हे काही जमायचं नाही. दिवसभर छताकडे बघत पडून राहायचे आणि माझ्या पावलांचा कानोसा घ्यायचे.

मग त्याच दुपारी बाहेर का नाही आलात, मी विचारलं.

"तू इतकी हळू चालायला लागली होतीस. बुटांवर मोजे घालून." मग सुरी आणखी सरळ केली आणि म्हणाले, "आणि बाहेर येऊन करायचं काय, ते माहीत नव्हतं."

रागावणार होते. सकाळपासून मनात वाक्यं जुळवली होती, चांगली टोकदार. त्याऐवजी तोंडून निघालं, मी तापमान खोटं लिहीत होते. ह्यांनी बोटांवर दिवस मोजले. म्हणाले, "पन्नास दिवस?" म्हटलं, पहिले चार खरे आहेत.

तेव्हा जे हसू आलं! खालून यंत्राचा आवाज थांबला, एवढे मोठ्याने हसलो.

हसू ओसरल्यावर मी सांगितलं की मलाही पन्नास दिवस झोप नाही. तुम्ही उठाल की नाही ह्या काळजीने. ह्यांनी माझ्या डोळ्यांखाली अंगठा फिरवला, एखादा नमुना बघावा तसा. "हे पुस्तकात आलंच नाही," म्हणाले. "बावीस वर्षं मी फक्त झोपणाऱ्यांचं लिहिलं."

६ जानेवारी

हीटर मागच्या खोलीत परत गेला. खिडकीचं कापड ठेवलं. ह्यांनी सकाळपासून सहा पानं लिहिली. दुपारी पहिलं पान वाचून दाखवायला लागले, आणि दुसऱ्या परिच्छेदावर मी टेबलावर डोकं ठेवून झोपले. तीन तास! जाग आली तेव्हा डोक्याखाली उशी होती आणि हे समोर बसून माझे श्वास मोजत होते.

७ जानेवारी

उद्या सकाळी दहाला मागच्या खोलीत मी जाणार. किती दिवस ते ठरवलेलं नाही. हे विचारत होते, पण तू उठशील ना? उत्तर द्यायच्या आत मला जांभई आली.

बाजाराची पिशवी, ग्रंथालयाचं कार्ड आणि मोज्यांचे जोड — ह्यांना. लेकीचे फोन ह्यांना. आई काय करतेय हे साध्या वाक्यात सांगावं. गॅसच्या नळाची आठवण, दाराच्या कडीची आठवण, रात्रीचे सगळे आवाज — ह्यांना. आज केलेला केक दंतवैद्यांना, आणि यंत्र हवं तितकं जोरात चालवा असा निरोप. ही वही माझ्या उशाखाली राहील.

मला उठवायचं काम कुणालाही दिलेलं नाही.