मंडूसी न्यायला आलेल्या विहीणबाई

खेडी, ११ फेब्रुवारी

चि. सौ. मूर्ती हिस आईचे पोटभर आशीर्वाद. बाळाला आजीचे मुके.

आज शेतात सगळ्यांत आधी टपकला तो तणाचं औषध विकणारा औषधवाला, फटफटीवरून. त्याच्यामागे तुझा भाऊ दिलबाग, पाठीवर पंप अडकवून, जसा काही लढाईलाच निघालाय. गव्हात मंडूसी माजलीय बाई! मेलं तण गव्हाच्या डोक्यावरून वर आलंय नि वाऱ्यावर डुलतंय. पहिल्या पाण्यानंतर फवारायचं, तेव्हा आमचे चिरंजीव लोकांच्या वरातीत नाचत होते. आता गहू पोटरीत आलाय आणि औषधवाला म्हणतो, दुप्पट मारू. त्याला म्हटलं, आधी तुझ्या मिशांवर मारून बघ. ओंब्या पोचट निघाल्या तर वर्षभर काय तुझ्या डब्याचा पत्रा भाजून खाऊ? पंपाची नळीच काढून ओढणीत गाठ मारून ठेवलीय. दिलबाग रुसलाय. रुसू दे. काळी म्हैस व्याली, रेडी झाली, कपाळावर चांद आहे. पण औषध नको तर मंडूसी हातानेच उपटायला हवी, नि उपटायला माणूस मिळत नाही गं, आणि मंडूसीचं बी शेतात झडलं की पुढची कित्येक वर्षं तीच उगवणार.

तुझी आई, भतेरी

धनौरी, १४ फेब्रुवारी

ती. आईस मूर्तीचा सा. नमस्कार.

तुझं पत्र सासूबाईंनी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मिशांपाशी हसून हसून त्यांना ठसका लागला. बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर सोडत नाहीत, नाहीतर दिलबागचा कान मीच पिळला असता. सोमवारी सासूबाई माझ्या दोन्ही जावांना घेऊन तुझ्या शेतात मंडूसी उपटायला येताहेत. तू नकोच म्हणणार, म्हणून उत्तराची वाट बघत नाही. भांडू नकोस.

तुझी मूर्ती

खेडी, १९ फेब्रुवारी

चि. सौ. मूर्ती हिस आशीर्वाद, पण रागातच.

लेकीच्या सासरचं काही घ्यायचं नाही, म्हणून तुझ्या लग्नापासून त्या गावचं पाणीही मी तोंडात घेतलं नाही, आणि तू तिथल्या बायकांना माझ्या शेतात घाम गाळायला पाठवतेस? तुझी सासू बांधावर उतरली तशी मी काठी आडवी धरली. लेकीच्या सासरचे कष्ट फुकट घेऊन गावात तोंड कुठे दाखवू? तर ती माझ्याहून चढ्या आवाजात! म्हणे, तुझ्या गव्हासाठी आलंय कोण? माझ्या म्हशींना ओला चारा नाही. सुनेच्या माहेरून एवढं गवतही मिळणार नसेल तर सांग, ही चालले माघारी.

झालं. काठी खाली. लेकीच्या घरी द्यायला कुठली आई नाही म्हणेल? तिघी मुळासकट उपटत सुटल्या, मीही कंबर खोचली. भारे वाहायला दिलबाग, मान मोडेपर्यंत. औषधवाला रस्त्याने चालला होता, त्याला मुद्दाम हाक मारून दाखवलं. चुरमा वाढला तर तुझी सासू म्हणते, तूप कमी आहे. बाई आहे की निखारा! मला तर फारच आवडली. ट्रॉली भरून चारा धाडलाय, मोजून घे हो, माहेरचा आहे.

बाळाला उन्हात तेल चोळ, आणि माझा राग असाच गोड मानून घे. अजून अर्धं शेत उरलंय. विहीणबाई गुरुवारी येते म्हणून गेल्यात.

तुझी आई, भतेरी