सातव्या वहीतली त्रेचाळीस नावे

अल्लाहचे नाव घेऊन सुरुवात करतो.

मी, शमसुद्दीन हसनमियाँ तुंगेकर, वय ७३, निवृत्त विज्ञान शिक्षक, राहणार तळमजला, नूर मंझिल, दूधनाक्यामागे, कल्याण पश्चिम, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, शाईच्या पेनाने, दिवसाउजेडी लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हा कागद लिहावा म्हणून माझ्यावर कुणाचे दडपण नाही. लिहू नये म्हणून दडपण आणणारे मात्र बरेच निघतील. साखर थोडी वाढलेली आहे, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, बाकी प्रकृती ठणठणीत. डॉक्टरांचा २९ जानेवारीचा दाखला सोबत जोडला आहे. मला झटका आला, चक्कर आली, तोल गेला असे कुणी सांगू लागले तर आधी तो दाखला वाचावा.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲडव्होकेट चित्रा सीताराम वैती यांनी करावी. चित्रा माझी विद्यार्थिनी. सातवीत असताना तिने विचारले होते, "सर, पुस्तकात छापलंय म्हणून खरं का?" मी तिला वर्गाबाहेर उभे केले. तासाभराने बाहेर जाऊन माफीही मीच मागितली. तेव्हापासून ती माझा प्रत्येक कागद दोनदा वाचते. घरादाराची कलमे तिने वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावीत आणि जगाला तेवढाच कागद दाखवावा. बाकीचा तिच्या कपाटात कुलपात राहील.

कलम २. राहते घर आणि बँकेतली शिल्लक शरियतप्रमाणे माझा मुलगा मुदस्सर व मुलगी सबीहा यांच्याकडे जाईल. मुलाला दोन हिस्से, मुलीला एक, हे मला ठाऊक आहे. मुलाने घर चालवायचे म्हणून हा हिशेब आहे, असे विद्वान सांगतात. आमच्या घरात आईच्या आजारपणात पाच वर्षे घर सबीहाने चालवले. म्हणून बाजारपेठेतला छोटा गाळा मी जिवंतपणीच तिला हिबा करून, म्हणजे बक्षीसपत्राने, देऊन टाकला आहे. त्याला शरियतची पूर्ण परवानगी आहे. कुणाला शंका असेल तर ग्रंथातला हवाला काढून दाखवीन, पण त्यासाठी माझ्या हयातीतच यावे लागेल.

मृत्युपत्राने वारसांबाहेर देता येतो तो एक तृतीयांश. तो दोन कुटुंबांना द्यावा. त्यांची नावे चित्राला तोंडी सांगितली आहेत. कागदावर नाव लिहायचे नाही, एवढी अक्कल मला त्र्याहत्तराव्या वर्षी आली.

कलम ३. पुस्तकबांधणीचे सामान, म्हणजे पाने दाबायचा लाकडी शिकंजा, दाभण, सुया, डिंकाची कढई, हे गोमाजी सखाराम कोळी यांची नात प्राप्ती हिला द्यावे. तिला चित्रांच्या वह्या शिवायला आवडतात. डिंक शिजवताना सतत ढवळावा, नाहीतर गाठी होतात.

कलम ४. माझे चुलतभाऊ हाजी उस्मान यांनी १९९८ साली नेलेला सायकलचा पंप परत मागू नये. मात्र ते मयताला आले आणि माझ्याविषयी चार चांगले शब्द बोलू लागले, तर पंपाची आठवण जरूर करून द्यावी.

कलम ५. आता वह्यांविषयी.

१९९३ च्या दंगलीनंतर माझ्या बाहेरच्या खोलीत दर रविवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजनंतर बैठक भरू लागली. मोहल्ल्यातली पोरे-पोरी, बायका, रिक्षावाले, कुणीही यायचे आणि धर्माविषयी मनात अडलेले विचारायचे. मी काही आलिम, म्हणजे धर्मपंडित, नाही. ग्रंथ धुंडाळायचो, मौलानांना विचारायचो, नाही सापडले तर नाही सापडले म्हणायचो. प्रश्न आणि उत्तर मी वहीत उतरवून ठेवायचो. एकतीस वर्षांत अकरा वह्या झाल्या. अक्षर सगळे माझे.

लोक काय काय विचारायचे! "भावजी म्हणतात मतदान हराम आहे. कुठे लिहिलंय?" "शेजारची मंजुळा माझ्या बाळंतपणात रात्रंदिवस बसून होती. ती जहन्नमात कशी जाईल?" एका बाईने विचारले होते, "नवऱ्याला राग आला की हदीस आठवते. मला राग आला की कुठली आठवायची?" त्या रविवारी खोली पाच मिनिटे हसत होती आणि नंतर कुणीच हसेना.

यात माझी चूक काय झाली ते सांगतो. आपल्या जुन्या विद्वानांनी सांगणारा कोण हे पाहिल्याशिवाय पैगंबरांची एकही हदीस स्वीकारली नाही. अमक्याने तमक्याकडून ऐकले, तो कुणाचा मुलगा, कुठला राहणारा, खरे बोलणारा होता का, अशी सगळी साखळी तपासायची. तिला सनद म्हणतात. जगाला संशय घ्यायची शिस्त आम्ही शिकवली, या गोष्टीचा मला फार अभिमान. मला वाटले, उत्तराला सनद लागते तर प्रश्नाला का नको? म्हणून प्रत्येक प्रश्नाखाली मी लिहीत गेलो: विचारणाऱ्याचे नाव, बापाचे नाव, मोहल्ला, तारीख, आणि हा प्रश्न त्याच्या मनात कुणाच्या बोलण्यावरून आला त्याचेही नाव. रुकय्या, माझी बायको, म्हणायची, "अहो, हे पोलीस चौकीसारखं काय लिहिता?" मी म्हणायचो, निनावी प्रश्न म्हणजे भिंतीवरचा खडू. ती शहाणी होती. मी शिकलेला होतो.

कलम ६. चार वर्षांपूर्वी शीळफाट्याच्या पुढे गोदामांच्या रांगेत एका गाळ्यात दर्स सुरू झाला. दर्स म्हणजे धर्माची शिकवणी. त्यात वाईट काहीच नाही, मीही दर्सात बसूनच वाढलो. पण या गाळ्यात प्रश्न विचारायची सोय नाही. एक जण बोलतो, बाकीचे फोनवर रेकॉर्ड करतात, आणि शेवटी कोण मुसलमान उरला व कोण नाही ते ठरते. ते स्वतःला काही नाव लावत नाहीत. मी त्यांना गाळेवाले म्हणतो.

माझा मुदस्सर तिथे जातो. मानपाड्याच्या एका केमिकल कारखान्यात तो तपासनीस आहे. दिवसभर ड्रममधला नमुना काढून तपासतो, बाहेरच्या लेबलवर कधी विश्वास ठेवत नाही. संध्याकाळी मात्र लेबलच वाचून येतो. दोष माझाही आहे. रुकय्या गेली तेव्हा मी त्याला वाचायला पुस्तक दिले. गाळेवाल्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

डिसेंबरात आंबिवलीच्या एका वायरमनच्या घरी सात जण गेले. त्याने २०१८ साली माझ्याकडे विचारलेला प्रश्न त्यांनी तारखेसकट वाचून दाखवला. तू इस्लाममधून बाहेर पडलास म्हणाले. शेजाऱ्यांसमोर त्याला पुन्हा कलमा पढायला लावला, आणि निकाह तुटला म्हणून स्वतःच्याच बायकोशी पुन्हा निकाह लावायला लावला. दारात त्या नवरा-बायकोची दोन मुले उभी होती. चौथ्या दिवशी खोलीला कुलूप. जानेवारीत एका शिंप्याचे दोन्ही हात मोडले. तो पोलिसांना म्हणाला, पायऱ्यांवरून पडलो. त्याच्या घराला पायऱ्या नाहीत.

तेव्हा मी कपाट उघडले. सातवी वही नव्हती. कपाटाची दुसरी किल्ली मुदस्सरकडे असते. त्या वहीत त्रेचाळीस प्रश्न आहेत. वायरमन पहिल्या पानावर होता, शिंपी दुसऱ्या. ते पानापानाने येत आहेत.

मी पोलिसांत गेलो होतो. साहेबांनी चहा दिला आणि विचारले, तक्रारदार कोण? वायरमन पळाला, शिंपी पडला. मग म्हणाले, वहीतल्या सगळ्यांची नावे द्या, आम्ही विचारून बघतो. मी चहा संपवून उठलो.

हेही लिहून ठेवतो की दुसऱ्या बाजूचे एक गृहस्थही येऊन गेले. चौकात त्यांचे वाढदिवसाचे फलक असतात. म्हणाले, "सर, उरलेल्या वह्या द्या, आपण छापू. तुमच्यातलं तुमच्याच तोंडून लोकांसमोर येऊ दे." मी सांगितले, धुणे घरचे आहे, तुमच्या घाटावर आणणार नाही. वह्या त्यांच्या हातीही पडता कामा नयेत.

कलम ७. उरलेल्या दहा वह्यांची वाटणी करण्याचा प्रश्न आता उरलेला नाही. त्यांत पानोपानी अल्लाहचे नाव होते, त्यामुळे जाळून उकिरड्यावर टाकता येत नव्हत्या. असे कागद आपण धुऊन पाण्यात थंड करतो, म्हणजे अदबीने सोडून देतो. परवा रविवारी दुपारी गोमाजीच्या अंगणात, मासळी धुवायच्या टपात, आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी एकेक पान बुडवले. शाई सुटली, पाणी निळे झाले. गोमाजी माझा चाळीस वर्षांचा दोस्त, त्याला वाचता येत नाही. तो म्हणाला, "मास्तर, येवढं सवाल इचारलं लोकांनी. जवाब मिल्लं का रं?"

"अर्ध्यांना."

"न् बाकीचं?"

"ते विचारून मोकळे झाले."

भरतीला त्याने सगळा लगदा होडीतून खाडीत नेऊन सोडला. मी काठावर बसून रडलो. एकतीस वर्षांचे काम होते, रडू आले तर त्यात लपवण्यासारखे काही नाही.

कलम ८. येत्या शुक्रवारी, ७ फेब्रुवारीला, जुम्म्याच्या नमाजनंतर जुन्या मशिदीत मी स्वतः उभा राहून खालील निवेदन वाचणार आहे:

"सातव्या वहीतले सर्व त्रेचाळीस प्रश्न माझे स्वतःचे आहेत. माझ्या नावाने विचारायची हिंमत नव्हती, म्हणून मी ओळखीच्या लोकांची नावे त्यांच्या नकळत खाली घातली. त्या लोकांचा या प्रश्नांशी काही संबंध नाही. ज्यांनी प्रश्न आपला म्हणून कबूल केला, त्यांनी तो भीतीनेच केला. जाब विचारायचा तो मला विचारा."

यातला शब्द न् शब्द खोटा आहे, शेवटचे वाक्य सोडून. म्हणूनच हे मृत्युपत्र आज लिहीत आहे आणि म्हणूनच ते कुलपात राहणार आहे. जन्मभर मी पोरांना सांगितले की पुराव्याशिवाय बोलू नका. आता पुराव्याच्या विरुद्ध बोलणार आहे.

मौलाना अब्दुस्समद यांना आधी सांगणे भाग होते, मशीद त्यांची आहे. ते म्हणाले, "मास्तर, मशिदीत, मिंबरसमोर झूठ बोलणार? तुम्ही?"

"हो."

"बडा गुनाह आहे हा."

"माहीत आहे. हवाला देऊ का, पान नंबरासकट?"

ते हसले, मग टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली. म्हणाले, "माईक आदल्या दिवशी तपासून घेतो. जुम्म्यालाच नेमका बंद पडतो."

कलम ९. मला कल्याणातच, रुकय्याच्या शेजारी जागा मिळाली तर तिथे, नाही मिळाली तर कुठेही दफन करावे. जनाजाच्या नमाजला कुणी मनाई केली तर मौलानांनी भांडू नये. त्यांना चार मुली आहेत. नमाजला तीन माणसे उभी राहिली तरी पुरे, आणि गोमाजी मागे नुसता उभा राहीन म्हणाला आहे. सबीहाने रडून झाल्यावर काही दिवस माहेरच्या घराकडे फिरकू नये.

कलम १०. हे कलम मुदस्सरसाठी आहे. गुरुवारी असरनंतर चित्राने त्याला समोर बसवून हे वाचून दाखवावे. कागद त्याच्या हातात देऊ नये.

बेटा, शनिवारी तू आलास तेव्हा मी ओरडलो नाही, कारण तू आत येताच दाराला कडी लावलीस. तू म्हणालास, "अब्बा, त्यांनी नुसती बघायला मागितलेली."

"बघितली?"

"फोटो काढले सगळ्या पानांचे. मला काय माहीत असं करतील! मी समजावतो त्यांना. तुम्ही फक्त माफी मागा, एक व्हिडिओ करू."

"तू वाचलीस वही?"

"नाही."

तू ती न वाचताच त्यांना दिलीस. तर ऐक. शेवटच्या पानावरचा त्रेचाळिसावा प्रश्न तुझा आहे. तारीख १४ एप्रिल २०१९. अम्मीचे तिसरे केमो झाले होते. तू हॉस्पिटलातून थेट बैठकीत आलास, चप्पलही काढली नाहीस, आणि सगळ्यांसमोर विचारलेस: "ती बरी होणारच नसेल तर मी दुवा कुणाकडे मागतोय?" मी उत्तर दिले नाही. मला येत नव्हते. खाली मात्र लिहिले: मुदस्सर, वल्द शमसुद्दीन, दूधनाका. बापाने पोराचे नाव असे लिहून ठेवले.

त्यांनी ते पान वाचले नसेल असे समजू नकोस. ते त्यांनी जपून ठेवले आहे. आज तू त्यांचा आहेस म्हणून ते बंद आहे. ज्या दिवशी तू कुठल्याही गोष्टीला नाही म्हणशील, त्या दिवशी ते उघडतील.

शुक्रवारी मी वाचीन तेव्हा गाळेवाले तिथे असतील. माझ्या एकट्याच्या शब्दावर ते विश्वास ठेवणार नाहीत. ते तुझ्याकडे वळतील, कारण वही तू नेली होतीस. मी तुला खोटे बोलायला सांगत नाही. ते पाप एका घरात एकाला पुरे. ते फक्त एवढेच विचारतील की अक्षर कुणाचे. तू खरे सांग. मोठ्याने सांग, माझ्याकडे बघू नकोस. म्हण, माझ्या बापाचे आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

मग मागच्या दाराने घरी जा आणि सबीहाला फोन कर.

हे मृत्युपत्र मी पुन्हा वाचले. खाडाखोड नाही. माझ्या आणि दोन्ही साक्षीदारांच्या सह्या एकाच बैठकीत, एकमेकांसमोर झाल्या आहेत.

(सही) शमसुद्दीन हसनमियाँ तुंगेकर

साक्षीदार पहिला: गोमाजी सखाराम कोळी, धंदा मासेमारी, कल्याण. चित्राने सगळा मजकूर वाचून दाखवला. मधे दोनदा थांबवून पुन्हा वाचायला लावला. डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार दुसरा: (सही) अब्दुस्समद, इमाम, जुनी मशीद, कल्याण.

ठिकाण: कल्याण
दिनांक: ४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार