कौल मीच दिला

पिंप्राळा, जळगाव
१८ ऑगस्ट २०२५

ती. अक्काला लताचा नमस्कार.

आम्ही सगळे मजेत. आमच्या सारिकाला पेपर म्हणे सोपा गेला. निकाल लागेपर्यंत सगळेच सोपे असतात. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.

गेल्या बुधवारी भाजी निवडताना माझ्या छातीत धडधडायला लागलं. डोळ्यांपुढे अंधारी, आणि मी आडवी. ह्यांनी दवाखान्यात नेलं. कार्डिओग्राममध्ये ठोके बिघडलेले निघाले. औषध चालू आहे, मी ठणठणीत आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जिना चढून धडधडलं आणि थांबलं तर घाबरायचं नाही. बसल्या जागी, वरचेवर व्हायला लागलं तर दाखवायचं. पण सोबत चक्कर, दम, छातीत दुखणं किंवा शुद्ध हरपणं असेल, तर तडक दवाखाना. "आधी कधी झालं होतं?" त्यांनी विचारलं. मी "नाही" म्हणाले.

झालं होतं, अक्का. याच महिन्यात, जामनेरला, माहेरी बसवलेल्या कानबाई देवीपुढे. हीच धडधड, हीच अंधारी. माझा तोल गेला आणि कमलकाकू ओरडली, "लताना आंगमा माय उनी!" देवी अंगात आली म्हणून सगळ्यांनी कुंकू लावलं, ओवाळलं. पाच मिनिटांत धडधड थांबली. ही देवी नव्हे, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण जिथे तीस वर्षं मला कोणी विचारलं नाही, तिथे सगळे भाऊबंद हात जोडून उभे होते. मला गोड वाटलं, खरं सांगते.

मग तू पुढे आलीस. थोरली असून माझ्या पायांवर डोकं ठेवलंस. "माय, धडधडन्या गोळ्या खाऊ का सोडी देऊ?"

"सोडी दे. मी शे ना!"

ते 'मी आहे ना' कानबाई नाही बोलली. मी बोलले, पूर्ण शुद्धीत.

आज सकाळी तुझ्या सुनेचा, पुनमचा फोन आला. सासूबाई त्या दिवसापासून गोळी घेत नाहीत, शनिवारी मोरीत चक्कर येऊन पडल्या, आणि देवीने सांगितलंय म्हणून दवाखान्यालाही नाही म्हणतात.

माझा भूषण गाडी घेऊन आलाय, हे पत्र तोच देतोय. धुळ्याच्या तुझ्या डॉक्टरांना पुनमने कळवलंय. गोळ्याही आता आपल्या मनाने सुरू करू नकोस, आधी त्यांना दाखव. मीही आज माझ्या डॉक्टरीणबाईंना खरं सांगणार आहे. कानबाई रागावली तर मला रागावेल, तिचं मी बघते. तूही हवं तितकं रागाव. हे पत्र सगळ्या भाऊबंदांना मोठ्याने वाचून दाखव.

पण आधी गाडीत बस.

तुझी धाकटी,
लता